साठीनंतर बुद्धी तल्लख राहावी म्हणून आपण नेमके काय करतो? खान्देशातले अनुभव

जळगाव, निवृत्त गणित शिक्षक, वय ६९

निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षे मी रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातले सुडोकू सोडवत असे आणि मेंदूची काळजी आपण नीट घेत आहोत, असा माझा ठाम समज होता. सुडोकूचा वेग खरोखरच वाढला. पाऊण तास घेणारे कोडे बारा-पंधरा मिनिटांत सुटू लागले. मात्र वाटेत एखाद्या जुन्या विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला की त्याचे नाव आठवेना, आणि बाजारातून आणायच्या पाच वस्तूंपैकी दोन हमखास राहू लागल्या. मी सुडोकूत तरबेज झालो होतो, बाकी काही बदलले नव्हते.

त्यानंतर या विषयावर जे वाचले, त्यात अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटला. ६५ वर्षे आणि त्यापुढच्या २,८३२ जणांचे चार गट केले. एका गटाला स्मरणशक्तीचे, दुसऱ्याला तर्काचे, तिसऱ्याला नजरेला पडलेली गोष्ट झटकन ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. चौथ्याला कोणतेच दिले नाही. पाच-सहा आठवड्यांत सुमारे तासाभराच्या दहा बैठका, एवढाच सराव होता. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत ज्याने जे घोटले त्यातच तो सुधारलेला दिसला, शेजारच्या कौशल्यात नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा तर्काच्या आणि वेगाच्या गटांचा फायदा टिकून होता, स्मरणशक्तीच्या गटाचा मात्र ओसरला होता. माझ्या सुडोकूचा उलगडा मला तिथे झाला.

म्हणून ही विनंती. आपण स्वतः किंवा घरातल्या ज्येष्ठांनी काय केले, किती महिने केले, कशाने फरक जाणवला आणि कशाने जाणवला नाही, हे सविस्तर लिहावे. फसलेले प्रयत्नही अवश्य लिहावेत. ऐकीव उपाय आणि औषधांची नावे टाळावीत.

धुळे, निवृत्त तलाठी, वय ६६

मी मोडी लिपी शिकलो. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या काळातले एक खरेदीखत होते आणि ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते, एवढेच त्याचे निमित्त. नोकरीत असताना जुन्या दप्तरातले मोडी कागद पाहिले की मी वाचणाऱ्या माणसाच्या शोधात निघत असे. आता आपणच वाचावे असे मनाने घेतले.

पहिले दोन महिने फार जड गेले. मोडीत आधी संपूर्ण ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जातात, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसत नाही, ते अर्थावरूनच ठरवावे लागते. आधी अंदाज बांधायचा, पुढचे अक्षर त्यात बसले नाही तर तो मोडायचा, मागे येऊन नवा बांधायचा, आणि हे सगळे चालू असताना आधीच्या ओळीतले गावाचे नाव लक्षात ठेवायचे. तासाभराने डोके अक्षरशः दमत असे, पण तो शीण मला हवासा वाटू लागला.

खरेदीखताची पहिली ओळ लागायला मला नऊ दिवस लागले. शेताची चतुःसीमा वाचताना पूर्वेला नाला आणि उत्तरेला ज्यांचे शेत लिहिले होते, त्यांचे पणतू आजही आमचे शेजारी आहेत हे लक्षात आले, तेव्हा मी तो कागद घेऊन त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसलो. आता दीड वर्ष झाले. नावे विसरणे थांबले असे मी म्हणणार नाही, पण एखादे काम हाती घेतले की त्यात चित्त टिकते. पूर्वी दहा मिनिटांत उठावेसे वाटत असे, आता दीड तास कसा जातो ते कळत नाही.

अमळनेर, गृहिणी, वय ६२

माझ्या आईविषयी लिहिते. तिचे वय ८६ आहे आणि तिला अक्षरओळख नाही. माहेर नवापूरकडचे असल्याने तिची गुजराती अस्खलित आहे, सासर अहिराणी बोलणारे, आणि नातवंडांशी ती मराठीत बोलते. श्रावणात घरी कानबाई, ही खान्देशातली देवी, बसते तेव्हा भाऊबंद एकत्र जमतात, रोटांचा स्वयंपाक होतो आणि रात्रभर गाणी चालतात. त्या रात्री आमच्या पिढीच्या बायका दुसऱ्या कडव्यापाशी अडखळतात आणि सगळ्यांचे डोळे आईकडे वळतात. ती डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून पुढची ओळ सांगते. गेल्या वर्षी मी विचारले, इतके कसे लक्षात राहते? ती म्हणाली, ‘माले याद शे’, आणि पुढचे गाणे सुरू केले.

शिक्षण कमी असेल तर उतारवयात बुद्धी लवकर मंदावण्याचा धोका वाढतो असे वाचून मी आईच्या काळजीत पडले होते. मग डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या हैदराबादेत झालेल्या, २०१३ मधील संशोधनाची माहिती मिळाली. स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला होता. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांमध्येही तो फरक दिसला. दोन भाषा येणाऱ्या माणसाला बोलताना सतत एक भाषा आवरून धरावी लागते आणि दुसरी पुढे आणावी लागते. हा व्यायाम दिवसभर, नकळत होत राहतो. आमच्या घरात मुलांनी अहिराणी बोलू नये असा आग्रह एके काळी माझाच होता. तो मी सोडला आहे. नातवाला आजीकडून अहिराणी शिकायला मी मुद्दाम बसवते, आणि त्यात शिकवणाऱ्या आजीचाही सराव होतो.

रावेर, केळी उत्पादक, वय ६७

माझ्या बाबतीत मेंदूचा दोष नव्हता, कानाचा होता. व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेला भाव मी चुकीचा ऐकत असे, घरातल्या गप्पांत मधूनच भलतेच उत्तर देत असे, आणि मुले म्हणू लागली की बाबा विसरायला लागले. हळूहळू मी पारावर जाणेच सोडले. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे निघाले. श्रवणयंत्र घातले त्या दिवशी घरी परतताना मळ्यातल्या केळीच्या पानांची सळसळ पुष्कळ वर्षांनी कानावर आली आणि मी मोटारसायकल थांबवून ती ऐकत उभा राहिलो. आता पारावर रोज जातो. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली आहेत, त्यांत कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत.

पारोळा, निवृत्त बँक कर्मचारी, वय ६१

मोबाइलवरच्या ‘मेंदूच्या खेळां’ची वर्षाची वर्गणी मी भरली होती. खेळातले गुण वाढले, बाकी काहीच जाणवले नाही. कोणी याहून वेगळा अनुभव घेतला असल्यास जरूर लिहावा.

जळगाव, निवृत्त गणित शिक्षक

पारोळ्याच्या मित्रांना सांगावेसे वाटते की हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. असे खेळ विकणाऱ्या एका कंपनीने स्मृतिभ्रंश टळतो अशा थाटाच्या जाहिराती केल्या होत्या. त्यासाठी पुरेसा पुरावा नसल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. मोबाइलवर खेळू नये असे नाही, पण एखादी गोष्ट सहज जमू लागली की तिचा मेंदूला फारसा उपयोग उरत नाही, असे माझे मत झाले आहे. सहज न जमणारी, नवी आणि शक्य तर चार माणसांत बसून करायची गोष्ट हवी.

धुळे, डॉक्टर, वय ५४

एक सूचना तळमळीने करतो. विसरणे अचानक वाढले असेल तर कोडी आणि पाठांतर यांच्या मागे लागण्याआधी तपासणी करून घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही स्मरण मंदावते आणि योग्य उपचारांनी ते सुधारू शकते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे हे तर मेंदूचेच रक्षण आहे, कारण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनीच खराब होतात. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे निराळे. रोजच्या गल्लीतून घरची वाट न सापडणे निराळे. दुसरे घडले तर एक दिवसही थांबू नये.

चाळीसगाव, निवृत्त परिचारिका, वय ६४

आम्ही पाच मैत्रिणी आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालतो आणि चालताना आदल्या दिवशी वाचलेले एकमेकींना तोंडी सांगतो. २०११ मधील एका प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. आमचे कोणी मोजलेले नाही, पण उद्या सांगायचे आहे म्हटल्यावर वाचन लक्षपूर्वक होते, हे पाचही जणींचे म्हणणे आहे.

नंदुरबार, शिक्षिका, वय ५७

लिहावे की नाही, असा विचार दोन दिवस केला. माझे वडील मिरचीचे व्यापारी. आयुष्यभर वाचन, बुद्धिबळ, सगळे हिशेब तोंडी. तरीही ७९व्या वर्षी त्यांना अल्झायमर झाला. ‘मेंदू वापरला की आजार होत नाही’ असे कोणी म्हणाले की मला फार दुःख होते, कारण त्यात आजारी माणसाकडे बोट दाखवल्यासारखे होते.

डॉक्टरांनी समजावले ते इथे देते. शिकण्याने आणि विचार करण्याने मेंदूत एक राखीव साठा तयार होतो. आजार आत सुरू झाला तरी तो साठा पुष्कळ काळ काम निभावून नेतो, त्यामुळे लक्षणे उशिरा दिसतात. मात्र साठा संपल्यावर घसरण वेगाने झाल्यासारखी वाटते. बाबांचे तसेच झाले. ती आधीची चांगली वर्षे त्यांना त्या वाचनाने आणि हिशेबांनीच दिली, असे मी मानते.

आता ते मला कधी बहीण समजतात, कधी ओळखत नाहीत. संध्याकाळी ते अस्वस्थ झाले की मी त्यांच्या शेजारी बसून जुनी औटकी सुरू करते, म्हणजे साडेतीनचा पाढा. मी विचारते, ‘सात औट?’ ते लगेच म्हणतात, ‘साडेचोवीस.’ मग पुढचे आकडे तेच म्हणत जातात आणि हात शांत होतात.

भुसावळ, निवृत्त रेल्वे गार्ड, वय ७१

मी नातीबरोबर तबला शिकतो आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि माझ्या तीन धडे पुढे आहे. त्रिताल हाताला बसला, पण रूपकाने मला दोन महिने अडवले. सात मात्रांच्या या तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ या बिनजोराच्या जागी येते. जिथे जोर द्यावा अशी हाताची सवय झालेली, तिथेच हात हलका ठेवावा लागतो. ‘ती ती ना धी ना धी ना’ तोंडाने म्हणत, बोटांनी वाजवत, शिवाय हार्मोनियमचा लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, ऐकत समेवर पोहोचायचे, म्हणजे तीन कामे एकाच वेळी करायची. नोकरीत कानांनी चाकांचा ठेका ऐकला, पण तो हाताने धरण्याची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या रविवारी पहिल्यांदा सलग सोळा आवर्तने न चुकता झाली. नात मोजत होती. पुढच्या महिन्यात गुरुजी झपताल सुरू करणार आहेत. त्याच्या दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागलेल्या, मी आत्तापासून जेवणाच्या टेबलावर धरून पाहतो आहे.