राज्यघटना खरंच इकडून-तिकडून उचललीय का?

घाटमाथा_९२
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालूय. पुस्तकात तो नेहमीचा तक्ता आहे, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून, संसदीय पद्धत ब्रिटनकडून वगैरे. पाठ झालाय, पण दरवेळी वाचताना मनाला लागतं. डिसेंबर १९४६ पासून नोव्हेंबर १९४९ पर्यंत घटना समितीत एवढी मोठी माणसं बसली, ती काय फक्त निवडानिवड करायला? आपल्या मातीतलं काही आहे की नाही त्यात?

जुनं_दप्तर
हा आक्षेप तेव्हाही घेतला होता लोकांनी. ४ नोव्हेंबर १९४८ चं बाबासाहेबांचं भाषण वाचा, मसुदा मांडताना त्यांनी सरळच सांगितलं की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, घेतलं त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि तक्त्यात ठळक दिसत नाही ती गोष्ट म्हणजे सगळ्यात जास्त मजकूर इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आलाय, पण तो बहुतेक कारभाराच्या तपशिलाचा.

चवदार_पाणी
तक्ता बाजूला ठेवा आणि कलम १५ चं दुसरं पोटकलम काढून वाचा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते... जात-धर्म बघून कुणाला अडवायचं नाही. आता मला सांगा, पाणवठ्याची ही यादी अमेरिकेतून येईल का? ती आलीय महाडहून. १९२३ ला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात पास झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, पण कागदावरच, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर तळं "शुद्ध" केलं गेलं, कोर्टात दावा लागला, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आणि निकाल बाजूने लागला तो कशावर, तर बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे हे समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही म्हणून! म्हणजे सिद्ध झाली असती तर? माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे असं म्हणायला तेव्हा कायद्यात कलमच नव्हतं. ते १५(२) ने दिलं, आणि अस्पृश्यता १७ ने गेली. मी दरवेळी ते वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि तत्त्वज्ञानाचं म्हणाल तर डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी आपल्या सभेची तुलना केली होती, पण १९५४ च्या रेडिओ भाषणात म्हणाले की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रान्सकडून नाही, बुद्धाकडून घेतली.

कायद्याचा_विद्यार्थी
घेतलं ते पारखून घेतलं, एवढंच जोडतो. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ ला अमेरिकेत जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटले, त्यांनी 'ड्यू प्रोसेस'बद्दल (म्हणजे कायदा न्याय्य आहे का हे कोर्टाने तपासायचं) सावध केलं, निवडून आलेल्यांचे कायदे न्यायाधीश पाडत बसतील म्हणून. मग जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मध्ये "कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती" आलं. माझ्या मते ती चूक झाली, मनेका गांधी केसमध्ये १९७८ ला सुप्रीम कोर्टाने ती कार्यपद्धती न्याय्यही हवी म्हणत दुरुस्त केली.

औंधकर
आमचं औंध संस्थान राहिलं की! १९३९ ला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःहून सत्ता सोडून संस्थानाला घटना दिली, गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर कामाला होता, आणि सगळा पाया गावपंचायतीचा. दिल्लीत मात्र बाबासाहेबांनी गाव हे राज्याचं मूळ एकक मानायला साफ नकार दिला, त्यांनी गाव भोगलं होतं आणि मी औंधचा असूनही त्यांचं पटतं मला. पंचायती शेवटी कलम ४० मध्ये आल्या, मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टातून सक्ती करता येत नाही अशा.

घाटमाथा_९२
१५(२) आत्ता काढून वाचलं. स्नानघाट हा शब्द पाठ केला होता, कधी थांबले नव्हते त्याच्यावर. रविवारी महाडला जाऊन येते.