समुद्रशैवालांतून नवे प्रतिजैविक मिळेल का?

सागरवेध : सिडनीजवळच्या समुद्रातील ‘डेलिसिया पल्क्रा’ या लाल शैवालावर जिवाणूंचा थर फारसा साचत नाही. जिवाणू रासायनिक संदेशांवरून आपली संख्या ओळखतात आणि ती पुरेशी झाली की मगच थर बांधतात किंवा विष सोडतात. या शैवालातील हॅलोजनयुक्त (ब्रोमीनसारखी मूलद्रव्ये असलेली) ‘फ्युरॅनोन’ ही संयुगे रचनेने त्या संदेशांसारखे असल्याने जिवाणूंचा हा संदेश-व्यवहारच बिघडवतात, हे १९९०च्या दशकात दिसून आले. जिवाणूला न मारता निःशस्त्र करणारी अशी द्रव्ये शोधण्यासाठी शैवाल-संशोधनावर अधिक खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

शंकेखोर : आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. हे फ्युरॅनोन सस्तन प्राण्यांच्या पेशींनाही विषारी ठरले आणि त्यांतून आजवर एकही औषध बाजारात आलेले नाही. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू तर पेशीतील पंपांचा जोर वाढवून ते बाहेर फेकायलाही शिकतो, त्यामुळे जिवाणूला मारत नाही म्हणून औषधाला प्रतिकार निर्माण होणार नाही ही आशाही डळमळते. आपल्याकडे किनाऱ्यावरून सरगॅसम हे तपकिरी शैवाल गोळा करायचे, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, जिवाणू वाढवलेल्या थाळीत अर्काची चकती ठेवून तिच्याभोवती किती मिलिमीटर जागा जिवाणूंविना स्वच्छ राहिली ते मोजायचे आणि निबंध छापायचा, याला औषधशोध म्हणणे मला पटत नाही. (थाळीतले ‘आगार’ हे जेलीसारखे द्रव्यही शैवालाचेच, हे वेगळे!)

सागरवेध : चकतीच्या निबंधांबाबत आपल्याशी वाद नाही. परंतु जपानमध्ये ‘डिजेनिया’ या लाल शैवालातील केनिक आम्ल जंतांवरचे औषध म्हणून वापरले गेले, हे विसरू नये. शैवालातून द्रव्य पुरेसे मिळवण्याची, म्हणजे पुरवठ्याची अडचणही सुटू शकते, कारण न्यूझीलंडच्या लाल शैवालात सापडलेले ग्रिफिथसिन हे विषाणूरोधक प्रथिन आता तंबाखूवर्गीय रोपांत तयार करता येते.

शंकेखोर : जंत आणि विषाणू हे आपल्या मूळ मुद्द्यातले जिवाणू नव्हेत. शिवाय प्रयोगशाळेत एचआयव्ही रोखणारे, लाल शैवालातून मिळणारे कॅराजीनन योनीत लावायच्या जेलच्या रूपात दिले तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील सहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत निष्प्रभ ठरले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेच.

सागरवेध : त्या चाचणीत जेल शरीरसंबंधांच्या निम्म्याहून कमी वेळा वापरले गेले होते. ते अपयश केवळ शैवालाच्या माथी मारणे अन्याय्य आहे.

शंकेखोर : रुग्ण नियमित वापरत नाहीत, हेही औषधाच्या परीक्षेतच येते. शुद्ध रेणू, त्याची किमान रोधक मात्रा (जिवाणूंची वाढ थांबवायला लागणारे कमीत कमी प्रमाण) आणि मानवी पेशींवरील विषारीपणा, या तीन गोष्टी एकत्र देणाऱ्या प्रकल्पाला पैसा जरूर मिळावा. नुसत्या अर्काला मात्र माझा विरोध कायम आहे.