लघवीच्या दोन-दोन गोळ्या कशाला? लॅसिक्स चालू असताना स्पायरोनोलॅक्टोन लावली

रत्नागिरीकर_७८
नमस्कार मंडळी, बाबांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, पंपिंग ३० टक्के. पायावर सूज असायची म्हणून लॅसिक्स चालू होती आणि सोबत पोटॅशियमचं सिरप. आता नवीन डॉक्टरांनी सिरप बंद करून स्पायरोनोलॅक्टोन २५ लावलीय, मेडिकलवाला म्हणतो ही पण लघवीचीच गोळी. आई घाबरलीय की दोन दोन गोळ्यांनी किडनी जाईल, आणि मला कळत नाही की लघवी तर काही वाढली नाही, मग हिचा उपयोग काय? बाकी चालू आहे रामिप्रिल, ती बीपी-हार्टची गोळी. घरचे नारळ आहेत, त्यामुळे शहाळं रोज असतं.

मेडिसिनवाला
दोन्ही लघवीच्याच, पण काम वेगळ्या जागी करतात. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेते. मीठ जिकडे गेलं तिकडे पाणी जातं, हे लक्षात ठेवा. लॅसिक्स नळीच्या मधल्या वळणावर मीठ परत घेणं अडवते, तिथे जवळजवळ २५ टक्के मीठ परत घेतलं जातं, म्हणून लघवी धो धो होते. पण ते अडवलेलं मीठ पुढे नळीच्या शेवटाला पोचतं आणि तिथे अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन बसलेलं असतं, ते मिठातलं सोडियम आत ओढायला लावतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकायला लावतं, म्हणून तर बाबांना सिरप द्यावं लागत होतं.
हार्ट कमजोर असलं की किडनीकडे रक्त कमी जातं, किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, मग हे हार्मोन अजून वाढतं आणि सूज हटत नाही. स्पायरोनोलॅक्टोन या हार्मोनची जागा अडवते. तिथे फार तर २-३ टक्के मीठ परत घेतलं जातं त्यामुळे लघवी वाढलेली जाणवणार नाही, शिवाय पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. आणि एवढ्या डोसमध्ये ती फक्त लघवीसाठी देतच नाहीत. अल्डोस्टेरॉनमुळे हार्टच्या स्नायूत कडक तंतूंची जाळी धरते (फायब्रोसिस), ते पण कमी होतं. १९९९ साली रेल्स नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात हार्ट फेल्युअर गंभीर असलेल्या पेशंटना ही गोळी दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. आईंना हे नक्की सांगा.

सातारची_मावशी
आमच्या दादाला लिव्हर सिरोसिस, पोटात पाणी झालेलं, त्याला हीच गोळी १०० ची आणि लॅसिक्स ४०. लिव्हरमध्ये तर हीच मुख्य गोळी असते म्हणे. वहिनी रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी त्याचं वजन करायची आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायची, डॉक्टर ते कॅलेंडरच बघायचे. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही असं सांगितलेलं. एक सांगते, पुरुषांना या गोळीने छाती दुखते, गाठ येते. दादाने लाजून कितीतरी दिवस सांगितलंच नाही, सांगितल्यावर गोळी बदलून अमिलोराईड दिली. बाबांना तुम्हीच विचारा, ते आपणहून बोलणार नाहीत.

फार्मा_नागपूर
मावशी बरोबर, हार्टच्या पेशंटला तसं झालं तर बहुतेक एप्लेरेनोन देतात.
रत्नागिरीकर, शहाळं रोज नको हो. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम पोटॅशियम सहज असतं, रामिप्रिल पण पोटॅशियम वाढवते आणि आता ही गोळी, म्हणजे तिन्हीकडून वाढणार. लो सोडियम मीठ आणलं असेल तर पाकीट उलटं करून वाचा, पोटॅशियम क्लोराईड लिहिलेलं असेल तर ते बंद. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर परस्पर देऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचारा. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं, ५.५ च्या वर गेलं की डोस कमी करतात, ६ च्या वर हार्टचा ठोका बिघडू शकतो आणि आधी काही जाणवेलच असं नाही. म्हणून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आठवड्याने, मग महिन्याने, हे चुकवू नका.

रत्नागिरीकर_७८
खूप आभार सगळ्यांचे. मीठ तेच निघालं, पोटॅशियम क्लोराईडवालं, काकाने हार्टसाठी चांगलं म्हणून आणून दिलेलं. आजपासून साधंच पण कमी. लॅबवाल्याला घरी बोलावलंय, रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

मेडिसिनवाला
या दोन टेस्टना उपाशी राहायची गरज नाही. फक्त सॅम्पल तासनतास बॅगेत पडून राहू देऊ नका, लगेच लॅबला पोचवा म्हणावं, पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. तरी जास्त आलं तर उशिरामुळे असेल असं समजून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ते ईसीजी काढून परत तपासतील.