'टपालाने एमएससी' म्हणणाऱ्यांना एकदाच उत्तर

कुंडईची शिफ्टवाली:
परवा इथं एका महाशयांनी लिहिलं की दूरशिक्षणातून पर्यावरणशास्त्राची एमएससी म्हणजे टपालाने पोहायला शिकणं, आणि असल्या लोकांच्या सह्या ईआयए रिपोर्टवर, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल त्याच्या अहवालावर, यायला लागल्या तर गोव्याचं काही खरं नाही. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. सोडून देणार होते, पण आज नाइट करून आलेय, झोप लागत नाहीय, तर लिहूनच टाकते.

मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, कामाला आहे. बीएससी केमिस्ट्री झाली त्याच वर्षी बाबांचं आजारपण निघालं, ताळगावला विद्यापीठात जाऊन दोन वर्षं रेग्युलर करणं शक्यच नव्हतं. मग पगार चालू ठेवून दूरशिक्षण घेतलं. पुस्तकं घरी येतात, असाइनमेंट हाताने लिहायच्या, त्याचे ३० टक्के, परीक्षेचे ७०, आणि प्रॅक्टिकलला सेंटरवर जाऊन बसावंच लागतं. 'घरी बसून डिग्री' म्हणणाऱ्यांना हे शेवटचं माहीतच नसतं. शिवाय मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची, हे युजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये परत एकदा लिहून दिलंय. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत एन्व्हायर्नमेंटल सायन्सेसचा पेपर सगळ्यांना एकच येतो, दूरवाल्यांना सोपा देत नाहीत.

आणि सह्यांचं म्हणाल तर, मोलेच्या अभयारण्यातल्या रेल्वे डबल ट्रॅकिंगला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्या फायली काय आमच्यासारख्यांनी रात्रपाळी करून तयार केल्या होत्या?

रेग्युलरवाला:
ते महाशय मीच. तुमच्या घरच्या परिस्थितीबद्दल आदर आहे, पण मुद्दा परिस्थितीचा नाहीच. मुद्दा हाताला वळण लागण्याचा आहे. आम्ही दोन वर्षं रोज लॅबमध्ये होतो. तुमची प्रॅक्टिकल्स म्हणजे काही दिवसांचं शिबिर, एका टेबलाभोवती आठजण, एकजण टायट्रेशन करणार, बाकीचे आकडे उतरवून घेणार. खोटं असेल तर सांगा.

कुंडईची शिफ्टवाली:
खोटं नाही, आमच्या सेंटरवर गर्दी असते आणि एकदा तर स्टार्चचं द्रावणच शिळं निघालं होतं. पण हात कशाने वळतो ते मला नका शिकवू. डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची, बाटली मी पाळीला भरते. मँगनस सल्फेट, मग अल्कली आयोडाइड अझाइड, बूच लावून उलटसुलट केलं की तपकिरी साका बसला पाहिजे. एअरेशन टँकच्या नमुन्याला पांढरा बसला की पुढचं थायोसल्फेट हातात घ्यायच्या आधीच कळतं की आत ऑक्सिजन संपलाय, ब्लोअर बघायला पळा. तुमच्या लॅबमधली बाटली चुकली तर मार्क जातात. माझी चुकली तर ते पाणी तसंच ओहोळात जातं.

निवृत्त मास्तर:
दोघांचंही चालू दे, पण असाइनमेंटच्या ३० टक्क्यांबद्दल कुणीच बोलत नाही हे गंमतीचं आहे. झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेल्या असाइनमेंट विकत मिळतात, मुलं त्या हाताने उतरवून काढतात. म्हणजे हस्ताक्षराची परीक्षा. मी स्वतः असे गठ्ठे तपासलेत, एकच स्पेलिंग मिस्टेक ओळीने बाराजणांत. आणि रेग्युलरवाल्यांनीही फार ताठ होऊ नये. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहतांच्या केसमध्ये पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा करा म्हणून सांगितलं, आणि आम्ही कॉलेजात काय केलं? ज्याचा तास रिकामा त्याला ईव्हीएस दिलं. मी इतिहासाचा माणूस, ओझोनचा थर शिकवत होतो!

रेग्युलरवाला:
सर, तुम्ही माझ्या बाजूने आहात की विरोधात?

निवृत्त मास्तर:
पेन्शन लागल्यापासून कुठल्याच बाजूने नाही.

चोडणकार:
लॅब लॅब काय करताय दोघे. मी पण दूरशिक्षणवाला, शेवटचं वर्ष, आणि मी माझं प्रोजेक्ट आमच्याच चोडण बेटावरच्या खाजनावर, म्हणजे बांध घालून नदीकडून घेतलेल्या भातशेतीवर, केलं. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची खारटपणाची रीडिंग, भरती-ओहोटी बघून. फेरीबोट पकडून दर वर्षी रेग्युलरची पोरं येतात, सलीम अली अभयारण्यात पक्ष्यांचे फोटो काढतात, आमच्या बांधावर उभी राहून सेल्फी काढतात आणि चारच्या बोटीने परत. शेतात आलेलं खारं पाणी एकाने चाखून बघितलं नाही. आमचं अर्धं खाजन आता पडीक आहे, का ते विचारा.

रेग्युलरवाला:
का?

चोडणकार:
पावणी. मानशीवर मासे पकडायची पावणी होते, जास्त बोली लावेल त्याला हक्क. मानशीची फळी कशी असते ते बघितलंय का कोणी? भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी रेटून उघडते, माणसाने हात लावायची गरजच नाही. बोली लावलेला माणूस काय करतो, फळीला दोरी बांधून भरतीला पण उघडी ठेवतो. मग आत सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे, नशीब असलं तर चोणक मासा. रात्री ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की पैसे वसूल. आणि ते खारं पाणी पोंयमधून, म्हणजे आतल्या ओहोळातून, वर चढून शेतात. कोरगुट भात खारं सहन करतो म्हणून काय बारमाही मिठात उभा राहणार?

मानसवाला:
आता मला बोलावंच लागेल. माझ्या मामाने पाच वर्षं मानस घेतली होती, दुसऱ्या गावात. सगळ्या पावणीवाल्यांना चोर म्हणू नका. बांधाला भगदाड पडलं तेव्हा चिखल, दगड आणि माणसं मामानेच घातली, बांध ज्याने सांभाळायचा त्या कूळ संघाच्या मीटिंगला कोरम होत नव्हता. पावणीचे पैसे बांधाच्या दुरुस्तीला जायला पाहिजेत, ते कुठे जातात ते संघाच्या कमिटीला विचारा. आणि शेत पडीक मानशीने नाही पडत, शेत पडीक पडतं कारण कूळाचा पोरगा बोटीवर नोकरीला नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला.

चोडणकार:
माझा भाऊ बोटीवर आहे. पुढे?

मानसवाला:
पुढे काही नाही. भाऊ शेतात असता तर फळीची दोरी त्याने कापली असती.

चोडणकार:
शेतात मीठ आल्यावर तो बोटीवर गेला, आधी नाही!! हे असलं उलटं बोलणारेच कमिटीवर बसतात.

डिचोलीचो:
खाजनाचं झालं असेल तर आमच्याकडे पण बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, ट्रक बंद, गॅरेज बंद, आणि जे पर्यावरणवाले टाळ्या वाजवत होते त्यांच्यातल्या कुणाचा हप्ता थकला नव्हता. मला दूर काय, जवळचं शिक्षण पण नको पर्यावरणाचं.

कुंडईची शिफ्टवाली:
दादा, धागा दूरशिक्षणावर आहे.

डिचोलीचो:
वर पाच जण सुंगटांवर बोलले ते चाललं!

रेग्युलरवाला:
चोडणकार, एक विचारतो, चिडू नका. पडीक खाजनात खारफुटी आली असेल ना? मग ती जैवविविधता नाही का? आमच्या सरांनी तर खारफुटी वाढणं हे चांगलं लक्षण म्हणून शिकवलंय.

चोडणकार:
हेच ते, हेच! नदीकाठची खारफुटी बांधाचं रक्षण करते, ती हवीच. पण बांधाच्या आत, जिथं माझी आजी रोवणी करायची, तिथं खारफुटी आली म्हणजे शेत मेलं. एकदा ती रुजली की सीआरझेडखाली, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखाली, हात लावता येत नाही. म्हणजे फळी उघडी ठेवणारा मोकळा आणि शेत परत लावू बघणारा आरोपी. तुमच्या सरांना सांगा, मांडवीच्या काठावरचं आणि बांधाच्या आतलं यात फरक आहे. खाजन म्हणजे काय दलदल नाही, लोकांनी बांध घालून नदीकडून घेतलेली जमीन आहे, अख्ख्या गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर.

रेग्युलरवाला:
हे आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

कुंडईची शिफ्टवाली:
आमच्याही नव्हतं! पुस्तकं अख्ख्या देशासाठी एकच छापतात, त्यात सुंदरबन येतं, चिलिका येतं, खाजन नाही. प्रोजेक्ट स्वतःच्या गावात करायला मिळालं म्हणून चोडणकारला ते कळलं. रोज लॅबमध्ये असता तर बांधावर कधी गेला असता? माझं म्हणणं एवढंच होतं की कामावर, शेतात असलेल्या माणसाला हा कोर्स जास्त उपयोगाचा पडतो. नुसतं प्रमोशनसाठी कागद हवा म्हणून करणारे आमच्यात पण आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलं ते खुशाल लिहा, माझी हरकत नाही.

निवृत्त मास्तर:
त्या चोडणकाराची असाइनमेंट माझ्याकडे आली असती तर तीसपैकी अठ्ठावीस दिले असते. दोन शुद्धलेखनाचे कापले असते.

रेग्युलरवाला:
ठीक आहे, टपालाने पोहणाऱ्यांत एक पोहणारा निघाला. एकावरून नियम होत नाही. तरी रीडिंग बघायला आवडतील. बाहेरची सलायनिटी कशाने घेतली, मीटर की टायट्रेशन?

चोडणकार:
सेंटरचं मीटर बंद होतं, सिल्व्हर नायट्रेट घालून क्लोराइड काढलं. विश्वास नसेल तर रविवारी या, ओहोटी बघून वेळ सांगतो. मानसवाल्यालाही आणा, फळीची दोरी त्यालाच दाखवायची आहे.

मानसवाला:
येतो. मामाला पण आणतो, त्याच्यासमोर बोला.

रेग्युलरवाला:
मी डिपार्टमेंटचं मीटर मिळतं का बघतो.

कुंडईची शिफ्टवाली:
आणायच्या आधी कॅलिब्रेट करा. दोन वर्षं रोज लॅबमध्ये होता, तेवढं येत असेलच.