जुन्या पीसीवर विंडोज टाकायलो तर दरवेळी वेगळ्याच टक्क्याला अडकतंय, नेमकं काय गेलंय?

सेलूचा_झेरॉक्सवाला

राम राम मंडळी. आठ दिवस झाले एका डबड्यापुढं बसून डोकं फिरायची वेळ आली म्हणून इथं लिहायलो, लांबण लागेल पण सगळं सांगतो. दुकानातला जुना डेस्कटॉप आहे, २०१२ ला घेतलेला. एच६१ चा बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, डीडीआर३ रॅमच्या २-२ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. दोन महिन्यांपासून मधीच निळी स्क्रीन यायची, कधी त्यावर मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं असायचं कधी दुसरंच काहीतरी. एका रिपेअरच्या दुकानवाल्याकडं नेला, त्यानं पाचशे रुपये घेऊन विंडोज मारून दिली, चौथ्या दिवशी परत तेच. परत नेला तर म्हणे हार्ड डिस्क गेली, नवी टाका. तपासली का विचारलं तर म्हणे अनुभवावरून कळतं. मग म्हटलं आता आपणच बघू.

रुफस (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० टाकली. आता होतंय असं की फायली कॉपी व्हायला लागल्या की २३ टक्क्याला थांबलं, ०एक्स८००७०५७० असा एरर, फाईल खराब आहे नाहीतर सापडत नाही म्हणतंय. पेनड्राइव्ह परत बनवला, ६१ ला थांबलं. तिसऱ्यांदा ११ लाच निळी स्क्रीन. एकदा तर कुठं इन्स्टॉल करायचं विचारतंय त्या पानावर हार्ड डिस्कच दिसेना, बंद करून चालू केल्यावर दिसली. अजून एक, रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचं बटन बंद केलं की सकाळी तारीख १ जानेवारी २०१२ झालेली असते.

नवा घ्या म्हणू नका, ते मलाही कळतं. जुलैत पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी सुरू व्हायच्या आत हा चालू झाला पाहिजे एवढंच.

गोदाकाठ

भाऊ पेनड्राइव्ह गेलाय तुमचा, दुसरं काही नाही. हा एरर मला दोनदा आला होता आणि दोन्ही वेळेस पेनड्राइव्हच निघाला. बाजारात ते स्वस्तातले मिळतात ना, वर लिहिलेलं १६ आणि आत जागाच नसते. दुसरा घ्या, मागच्या बाजूच्या काळ्या यूएसबीला लावा, पुढच्या पोर्टला नको, पुढच्या वायरी कॅबिनेटमधून फिरून येतात आणि तिथंच अर्धे घोळ होतात. आयएसओ, म्हणजे विंडोजची फाईल, उतरवली त्याचा चेकसम (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) पण जुळवून बघा.

सेलूचा_झेरॉक्सवाला

दादा दुसरा पेनड्राइव्ह झाला, मागचा पोर्ट झाला, चेकसम पण जुळला. त्याच पेनड्राइव्हवरून मेहुण्याच्या लॅपटॉपमध्ये सेटअप टाकून बघितला, एका दमात पार. पेनड्राइव्ह निर्दोष सुटला.

फुकटचा_सल्ला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला की. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरवर सरळ मार्गानं बसत नाही. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाका आणि मोकळे व्हा.

सेलूचा_झेरॉक्सवाला

टाकली असती हो. पण डिजिटल सहीचं टोकन आणि तो जुना प्रिंटर, दोघांचेही ड्रायव्हर विंडोजचेच आहेत आणि दुकान त्या दोघांवरच चालतंय.

शाळेची_लॅब_माझ्या_गळ्यात

आधी एक सांगा, डेटा काढून घेतलाय का? फॉरमॅट मारून झाल्यावर आठवण येते लोकांना. आमच्याकडे (बीड जिल्हा, गावाचं नाव नको) एका सरांनी दहावीच्या निकालाचं फोल्डर असंच उडवलं होतं.

आणि लिनक्स इन्स्टॉल करू नका पण पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, लाईव्ह मोडमध्ये. डेटा पण त्यातूनच काढता येतो. तिथंही मशीन लटकायला लागलं तर विंडोजचा काही दोष नाही हे तरी नक्की होईल. मी लॅबमधल्या प्रत्येक मढ्यावर आधी हेच करते.

डाग_आणि_सोल्डर

मी लातूरचा, वीस वर्षं झाली हेच करायलो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. झेरॉक्सवाल्या भाऊंनी उत्तर स्वतःच लिहिलंय आणि त्यांच्याच ध्यानात आलं नाही. २३, ६१, ११. दरवेळी एकाच टक्क्याला थांबलं असतं तर मी पण पेनड्राइव्ह म्हणलो असतो, कारण पेनड्राइव्हवर खराब जागा एकच असती आणि गाडी दरवेळी त्याच खड्ड्यात जाती. जागा बदलायली म्हणजे खड्डा रस्त्यात नाही, चाकात आहे. रॅम, करंट, गर्मी नाहीतर केबल, या चारातलं काहीतरी.

लोकांना वाटतं विंडोज मारणं म्हणजे औषध. अहो सेटअप मशीनची सगळ्यात कडक परीक्षा घेतो. दाबून ठेवलेली सगळी फाईल रॅममध्ये उघडायची, तिथंच जुळवायची, मग डिस्कवर लिहायची. रॅममधला एक बिट जरी उलटा पडला तर हिशोब जुळत नाही आणि तो म्हणतो फाईल खराब. फाईल चांगलीच असती, ती धरणारा हात थरथरायला असतो.

तर आता असं करा. प्लग काढा, नुसतं बटन बंद नाही, वायरच काढा, आणि पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. दोन्ही रॅम काढा. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्या, पेन खोडायचं खरखरीत निळं नको, आणि सोनेरी पट्टीवरून हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा. रबरावर काळं येईल. ते सोन्याचं पाणी एकदम पातळ असतं, भांडी घासल्यासारखं घासू नका. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी जाती. मग मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून त्याच्यावरनं बूट करा आणि एका वेळी एकच पट्टी लावून तपासा. दोन्ही लावून तपासली तर कुठली गेली ते कळणार नाही. एररची लाल ओळ एक जरी आली तर ती पट्टी बाद, "एकच आली" म्हणून सोडायची नाही. ज्या पट्टीत लाल आलं ती दुसऱ्या स्लॉटला पण लावून बघा, कधी कधी पट्टी चांगली आणि स्लॉट मेलेला निघतो.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडतं ते बोर्डाचं सेटिंग) हार्डवेअर मॉनिटर म्हणून पान असतं तिथं १२ व्होल्टच्या पुढं काय आकडा आहे ते पण लिहा, ११.४ ते १२.६ च्या मधी पाहिजे. टेम्परेचर पण.

तारखेचं दुखणं वेगळं. बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा तो २०३२ नंबरचा गोल सेल उतरलाय. त्यानं कॉपी अडकत नाही, पण तारीख चुकली की सरकारी साइट सर्टिफिकेट चालत नाही म्हणून उघडायच्या नाहीत, मग तुम्ही नेटवाल्याला शिव्या घालाल.

वायरमन_हिंगोली

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

सेलूचा_झेरॉक्सवाला

येतात. पायात चप्पल नसली की चांगलाच झटका. आम्हाला सवय झालीय.

वायरमन_हिंगोली

सवय कसली हो. एसएमपीएसमध्ये (मशीनला करंट देणारा आतला डबा) फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असली तर तो थोडासा करंट जमिनीत जातो, नसली तर बॉडीवर निम्मा दाब बसून राहतो, म्हणजे २३० च्या हिशोबानं ११५ च्या आसपास. करंट बारीक असतो म्हणून माणूस वाचतो, पण त्याच बॉडीला तुम्ही प्रिंटर जोडता, पेनड्राइव्ह खुपसता.

आपल्याकडं काळ्या मातीत उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की अर्थिंगची पट्टी हवेतच लटकते. आहे का तरी खड्डा? असला तर मीठ-कोळसा भरून मे संपेपर्यंत दोन दिवसाआड बादलीभर पाणी ओता. आणि टू-पिनचा जुगाड केला असला तर आधी तो काढा.

सेलूचा_झेरॉक्सवाला

केलो सगळं, क्रमानं सांगतो.

डेटा ताईंनी सांगितल्यासारखा मिंट लाईव्हवरून काढला. त्यात पण एकदा लटकलं, म्हणजे विंडोज सुटली. खोडरबर फिरवलं, काळं आलं भरपूर. आणि एसएमपीएसच्या पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, अंगठ्याएवढं, वाळून टणक झालेलं, पंख्याचं एक पातं त्याला घासून झिजलंय. मी इतके दिवस तो आवाज हार्ड डिस्कचा समजत होतो! दुकानवाल्यानं पण तो आवाज ऐकूनच हार्ड डिस्क गेली म्हटलं असणार. स्क्रूड्रायव्हरनं उकरून काढलं, आत एक वाळलेली अळी.

मेमटेस्ट: पहिली पट्टी, दीड मिनिटात लाल, मग लालच लाल, पान भरलं. दुसऱ्या स्लॉटला पण तेच. दुसरी पट्टी रात्रभर लावून ठेवली, पहाटे लाईट गेली पण त्याच्या आधीपर्यंत चार फेऱ्या झाल्या असतील, एक पण एरर नाही. १२ व्होल्टच्या जागी ११.९ दाखवतंय. टेम्परेचर ५२.

खुश होऊन एकट्या २ जीबीवर विंडोज लावली. निळी स्क्रीन नाही, काही नाही, ७८ टक्क्यापर्यंत गेलं आणि परत तोच एरर. परत लावायला गेलो तर डिस्क गायब. आता खरंच हार्ड डिस्क का?

गोदाकाठ

म्हणजे दुकानवाला बरोबर होता म्हणायचं.

डाग_आणि_सोल्डर

थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. मी असल्या वेळेला दहातल्या बऱ्याच डिस्का निर्दोष सुटलेल्या बघितलो. रॅम होतीच खराब, पण जुन्या मशीनमध्ये दुखणी जोडीनं येतात, एक काढलं की त्याच्या मागं लपलेलं दुसरं दिसतं.

मिंट लाईव्ह परत चालू करा, त्यात डिस्क्स नावाचं ॲप आहे, त्यात हार्ड डिस्क निवडून स्मार्टचा डेटा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवती ती नोंद) उघडा. तीनच ओळी बघायच्या. ५ नंबर रीअलोकेटेड सेक्टर, १९७ नंबर करंट पेंडिंग सेक्टर, आणि १९९ नंबर यूडीएमए सीआरसी एरर. पहिल्या दोन्हीत आकडा असला आणि वाढायला असला तर डिस्कची तबकडीच चाललीय, डिस्क बदला. ते दोन्ही शून्य आणि १९९ मध्ये आकडा असला तर डिस्क आणि बोर्डाच्या मधला रस्ता खराब आहे. डिस्क लिहिलेलं नीट ठेवती, पण वाटेतच अक्षरं गळतात. म्हणजे केबल, नाहीतर तिचं टोक, नाहीतर पोर्ट. पुढं मागं विंडोजमधून क्रिस्टल डिस्क इन्फोवर बघितलात तर ध्यानात ठेवा, ते हे आकडे आधी हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा मोजणीत) दाखवतं. एकानं तसला आकडा बघून घाबरून डिस्क फेकून दिली होती.

सेलूचा_झेरॉक्सवाला

५ शून्य. १९७ शून्य. १९९ ला १४१२.

डिस्कची केबल हातात घेतली तर बोर्डाकडच्या टोकाची ती स्टीलची क्लिपच नाही, प्लग नुसता टेकलेला. वळवून कोंबलेली होती एसएमपीएसच्या खाली, जिथं माशीचं घर होतं तिथंच. टेबल हललं की सुटत असणार, आणि आमच्या टेबलावर कागद कापायचं मशीन पण आहे.

डीव्हीडी रायटर काय आता कुणी वापरत नाही, त्याची केबल काढून डिस्कला लावली, पोर्ट पण बदलला. नवी केबल आणायलाही गेलो नाही.

पाऊण तासात विंडोज. एका दमात.

शाळेची_लॅब_माझ्या_गळ्यात

वा! डीव्हीडी रायटरचा शेवटी कुणाला तरी उपयोग झाला. आमच्या लॅबमध्ये असे नऊ रायटर आहेत, म्हणजे नऊ केबली. उद्याच काढते.

गोदाकाठ

माझा शब्द मागं घेतो भाऊ. पण एक विचारू का, १४१२ चा आकडा आता शून्य झाला का?

डाग_आणि_सोल्डर

तो कधीच कमी होत नाही, जन्मभराचा हिशोब असतो तो. फक्त वाढतोय का तेवढं बघायचं. आठ दिवस १४१२ च राहिला तर केबलचं दुखणं संपलं.

रॅमची पट्टी जुनी चालती, डीडीआर३ १३३३ ची, पण घ्यायच्या आधी दुकानातच अर्धा तास मेमटेस्ट लावायला सांगा, नाही म्हणलं तर घेऊ नका. त्या पंख्याचं पातं झिजलंय तर पंखा पण बदला, नाहीतर मेच्या उन्हात एसएमपीएस वास मारायला लागंल. आणि सेल बदलला का?

सेलूचा_झेरॉक्सवाला

पाच दिवस झाले, १४१२ च आहे. पट्टी दुसरी मिळाली परभणीत, तपासूनच घेतली, दुकानदार जरा कुरकुरला. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततोय, झिणझिण्या कमी झाल्यात पण अजून आहेत, वायरमन भाऊ सांगतील तर पुढचं विचारीन.

सेल राहिलाच. रोज सकाळी तारीख हातानंच टाकतोय.

डाग_आणि_सोल्डर

अहो एवढा बोर्ड खोलला आणि तीस-चाळीस रुपयाचा सेल राहू दिला? सेल मेलेला असला की बायोस रोज मूळ सेटिंगवर जातंय. तिथं साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग) एएचसीआयचा आयडीई झाला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस लिहून बसंल, आणि तुम्ही परत पेनड्राइव्ह घेऊन बसाल. आज आणा. बदलून झालं की साटा मोड काय दाखवतंय ते बघून इथं लिहा.

सेलूचा_झेरॉक्सवाला

निघालो. शेजारच्या घड्याळवाल्याकडं मिळतो.