यवन म्हणजे नेमके कोण?

बखरींतल्या 'यवन'चा अर्थ मुसलमान, हे इतकं अंगवळणी पडलंय की परवा कार्ल्याच्या चैत्यगृहात गडबडायला झालं. तिथल्या काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीचे. हे यवन ग्रीक म्हणायचे का? आणि ग्रीकांना हे नाव पडलं कुठून?

—

मुळात ग्रीकच, पण सगळे ग्रीक नव्हेत. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, इफेसस अशी आयोनियन ग्रीकांची नगरराज्यं होती. इराणी साम्राज्याची गाठ आधी यांच्याशी पडली, म्हणून इराण्यांच्या लेखी ग्रीक तेवढा 'यौन' झाला. इराणी सम्राट पहिल्या दारयवहूच्या बेहिस्तून लेखातल्या मुलखांच्या यादीत यौन आहे आणि गांधारही आहे. शब्दाला इकडे यायला वाट तयारच होती. अशोकाच्या लेखांत 'योन' आहे. लवणाचं लोण होतं ना, तसं योनवरून उलट जाऊन संस्कृतात 'यवन' घडवला असं एक मत आहे. मला पटतं. पण जुन्या ग्रीकमध्येही या नावात 'व' होता, तेव्हा पैज लावणार नाही.

पुढे वायव्येकडून येईल तो परका यवन, असा अर्थ पसरत गेला. कार्ल्याच्या यवनांतही काहींची नावं धम्म वगैरे, अगदी इकडची आहेत.

—

मग स्पार्टावाले यवन नव्हेत?

—

काटेकोर बोलायचं तर नव्हेत! ते डोरियन, म्हणजे ग्रीकांचं दुसरं कूळ. अथेन्स मात्र आयोनियनांचं माहेरघर म्हणवून घ्यायचं. इ.स.पू. ४९९ मध्ये आयोनियन इराणविरुद्ध उठले, तेव्हा मिलेटसचा अरिस्टागोरस मदत मागायला आधी स्पार्टाला गेला. समुद्रापासून इराणच्या राजधानीपर्यंत तीन महिन्यांची वाट आहे, हे ऐकताच राजा क्लिओमेनीसने त्याला वाटेला लावलं. अथेन्सने २० जहाजं दिली, एरेट्रियाने ५. तरी ४९४ मध्ये मिलेटस पडलंच.

गंमत म्हणजे, ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की खुद्द अथेन्सकरांना आयोनियन म्हणवून घ्यायची लाज वाटे. डोरियनांच्या तोंडी तर ती जवळजवळ शिवीच. पुढे अथेन्स-स्पार्टा युद्धात अथेन्सने सिसिलीवर स्वारी केली तेव्हा तिथल्या डोरियन सिराक्यूज शहराचा पुढारी हर्मोक्रॅटिस लोकांना सांगत होता, आपण स्वतंत्र डोरियन आहोत, सदा धनी बदलणारे आयोनियन नव्हे. आणि ४२५ मधल्या ॲरिस्टोफेनीसच्या 'अकार्नियन्स' नाटकात मोडकं ग्रीक बोलणारा इराणी पाहुणा अथेन्सकरालाच 'इआओनाव' म्हणून हिणवतो. आपला यवन तिथे भर रंगमंचावर!

—

जातकुळीवर एवढा भर नको. त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस याने अथेन्स-स्पार्टा युद्धाचं खरं कारण अथेन्सचं वाढतं बळ आणि त्याची स्पार्टाला वाटलेली धास्ती, असं दिलंय. सिसिलीत डोरियन आर्गोस अथेन्सच्याच बाजूने लढलं.

—

मान्य. कुळाचं नाव सोयीपुरतंच. ४७८ नंतरचा अथेन्सच्या पुढाकाराचा इराणविरोधी संघ आयोनियनांच्या पवित्र डेलोस बेटावर स्थापला, त्याचा खजिना ४५४ पर्यंत अथेन्सने आपल्याकडे नेला आणि पुढे ज्यांच्या मदतीला गेले त्याच आयोनियन शहरांकडून खंडणी घेत राहिले. स्पार्टा 'ग्रीकांची मुक्तता' म्हणत ४३१ मध्ये युद्धात उतरलं आणि ४१२-४११ च्या तहांत आशियातली ग्रीक शहरं इराणच्या पैशांसाठी सोडून मोकळं झालं. त्याच पैशावर उभ्या राहिलेल्या आरमाराने ४०५ मध्ये अथेन्सचा निकाल लावला.

यातलं कुणीच स्वतःला सरसकट यवन म्हणत नव्हतं, ग्रीकही नाही. 'ग्रीक' हे रोमन लोकांचं, 'यवन' पूर्वेचं. ते आपसांत हेलेनीस.

—

म्हणजे आमच्या गल्लीतला युनानी दवाखाना मिलेटसच्याच नात्यातला?

—

हो. अरबी-फारसीतलं 'यूनान' त्याच आयोनियाचं.