मदत हवी आहे: ताकायासू असलेल्या ताईला कोविड झाला तर ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

ताईला (वय ३४) ताकायासू आर्टरायटिस आहे. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या सुजून आतून अरुंद होतात. (संधिवात नव्हे! तो आर्थरायटिस. निम्मे लोक इथेच चुकतात.) तिच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. रोज प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) १० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, शिवाय टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं चालू आहेत. तिन्ही प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरतात.

काल माझी कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. मी वेगळ्या खोलीत आहे. ताईला अजून काही नाही, म्हणजे दिसत तरी नाही. घोडं तिथेच अडलंय.

ताप बघावा तर तिची औषधं तापच दाबतात. सीआरपी (सूज-संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) तपासावी तर टोसिलिझुमॅब आयएल-६ची, म्हणजे सुजेचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाची, वाट अडवतं आणि त्या निरोपाशिवाय यकृत सीआरपी फारशी बनवत नाही. म्हणजे संसर्ग असला तरी रिपोर्ट चकाचक. ऑक्सिमीटर डाव्या बोटाला लावला की आकडा नाचत राहतो. बीपीही त्या हातावर खोटंच कमी येतं.

त्यात नातेवाईक. एक म्हणतात, गंभीर कोविडला स्टिरॉइड आणि टोसिलिझुमॅबच देतात, मग ही आधीच सुरक्षित! मला पटत नाही. ती औषधं ऑक्सिजन लागायला लागल्यावर देतात. सुरुवातीला विषाणूशी झुंजायचं असताना प्रतिकारशक्ती दबलेली असणं तोट्याचंच ना? दुसरे म्हणतात, सगळ्या गोळ्या आजच बंद करा.

तिच्या डॉक्टरांशी उद्या सकाळी बोलणं होईल. तोवर लक्ष कशावर ठेवू? आणि त्यांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

मलाही हाच आजार आहे, कोविड होऊन गेलाय. प्रेडनिसोलोन मनाने अजिबात बंद करू नका. बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतं; एकदम थांबवलं तर बीपी कोसळू शकतं. आजारपणात उलट डोस वाढवावा लागतो का, हे विचारा. मेथोट्रेक्सेट आणि इंजेक्शन संसर्गात बहुधा काही दिवस थांबवतात, पण तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

ऑक्सिमीटर नाडी लागते त्याच हाताला. बसल्या जागी मिनिटभर श्वास मोजा, त्याला यंत्र लागत नाही. २४च्या वर गेले किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली आला तर थांबू नका. लक्षणं नसली तरी टेस्ट करा, कारण विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ५ दिवसांतच सुरू कराव्या लागतात. रिटोनाविर असलेली गोळी दिली तर बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करायच्या औषधांची यादी आधी दाखवा. ती बऱ्याच औषधांशी भांडते.

धागाकर्ता

खूप आभार! उजव्या हाताला ९७, श्वास १६. डावा हात मोजायचा नाही, अशी चिठ्ठीच ऑक्सिमीटरवर चिकटवली. टेस्ट उद्या सकाळी.